माणिकप्पाच्या घराचं टायटल

नांदेडला तरोडा नाक्यावर, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, उमाशंकरचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक कूलर आणि ‘आम्ही आपल्या व्यवसायाला डिजिटल पंख देतो’ असा बोर्ड. आजवर एक मंगल कार्यालय, दोन शिकवण्या आणि खालचं खताचं दुकान एवढ्यांना हे पंख लागले होते. त्यातलं खताचं दुकान पंखांच्या आधीही बरंच चाललं होतं. खालून सतत युरियाचा वास यायचा. उमाशंकरला तो आता येत नसे. नव्या आलेल्या माणसाच्या नाकपुड्या पाहून त्याला कळायचं, की वास आहे अजून.

जुलैमध्ये निलंग्याकडच्या पिंपळहोळचे शेषेराव आले. त्यांच्याही नाकपुड्या हलल्या. शेषेराव गावच्या स्मृती समितीचे अध्यक्ष. भूकंपात जुनं पिंपळहोळ गेलं आणि तीन-साडेतीन किलोमीटरवर नवं वसवलं, त्याला तीस वर्षं उलटून गेली होती. जुनं गाव आठवणारी माणसं एकेक करून चालली होती. म्हणून साइट पाहिजे होती. सात म्हाताऱ्यांनी मिळून जुन्या गावाचा नकाशा काढला होता. गल्ल्या, पार, आड, एकशे अठरा घरं. त्या नकाशापायी सातातल्या तिघांची आपसातली बोलणी बंद झाली होती, म्हणजे नकाशा बऱ्यापैकी खरा असावा.

“घरावर बोट ठेवलं की घर उघडलं पाहिजे,” शेषेराव म्हणाले. “आत माणसांची नावं. जे गेले त्यांच्या नावापुढं दिवा. तीस सप्टेंबरला उद्घाटन. साहेबांची तारीख घेतली हाय.”

साहेब कोण हे त्यांनी सांगितलं नाही. तारीख मात्र साइटच्या आधी तयार होती.

उमाशंकरने साइट एकपानी बांधली. हल्ली तशाच बांधतात. पाहणाऱ्याला वाटतं आपण पानापानांतून फिरतोय, पण पान मुळात एकच असतं. आतला मजकूर पुसायचा आणि नवा मांडायचा, खेड्यातल्या शाळेत एकाच खोलीत चार वर्ग भरवतात तसं. त्यात एक खोच असते. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत, टॅबवर, पानाचं जे नाव, म्हणजे टायटल, दिसतं ते मजकुराबरोबर आपोआप बदलत नाही. ते बदलायला वेगळं सांगावं लागतं. उमाशंकरने सांगितलं नव्हतं. त्यामुळे एकशे अठरा घरांच्या माथ्यावर एकच नाव होतं, ‘माय अ‍ॅप’. नवा प्रकल्प उघडला की हे नाव आपसूक पडतं आणि बरेच जण ते तसंच ठेवतात, कारण तिकडे कुणी बघतच नाही.

बघणाऱ्यांपैकी कुणी बघत नाही, असं म्हणायला हवं होतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेषेरावांनी माणिकप्पांना पाठवलं. माणिकप्पा मूळचे पिंपळहोळचे, नोकरी सगळी नांदेडात, एका सरकारी कचेरीत कारकून. आता चौऱ्याहत्तरीचे. काचबिंदूने नऊ वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले होते. पुतणी अंजू कामावर जाताना स्कूटीवरून त्यांना जिन्याशी सोडून गेली. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, बगलेत लॅपटॉप. लॅपटॉपमध्ये स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. त्याचा आवाज बाईचा होता, पण कुठल्याच गावच्या नसलेल्या बाईचा.

त्यांनी साइट उघडली, चार-सहा घरं फिरले आणि थांबले.

“साहेब, ही माय कोन हाय?”

“कोण माय?”

त्यांनी पानाचं नाव वाचायला लावणारी दोन बटणं दाबली. बाई म्हणाली, “माय अ‍ॅप.” दुसऱ्या घरात गेले. “माय अ‍ॅप.”

“ते तात्पुरतं नाव आहे, अप्पा,” उमाशंकर म्हणाला.

“एकशे अठरा घरं एकट्या मायची? आमच्या पाटलाचीबी येवढी न्हवती.” मग ते हसायचे थांबले. “मजाक सोडा. तुमी डोळ्यानं बघता, तुमाला कळतं घर बदललं. मला कसं कळावं? मला उंबरा लागतो. पायाला उंबरा लागला की कळतं आत आलो. टायटल म्हंजे आमचा उंबरा.”

उमाशंकरला हे पटलं. मुख्य म्हणजे हे काम बारा मिनिटांचं होतं. सहा ओळींचा कोड: घर बदललं की नकाशाच्या यादीतून घराचं नाव उचलायचं आणि टायटलात ठेवायचं. एवढंच. घराचं नाव.

“आता बघा,” तो म्हणाला.

“सरजाबाईचं घर,” बाई म्हणाली.

“हाव,” माणिकप्पा म्हणाले. “हितं डावीकडं आड होता.” ते पुढच्या घरात गेले. बाईने नाव घेतलं. “हाव. ह्यांच्या दारात म्हैस आडवी बसायची, उठायची न्हाई.” असं करत ते दुपारी दोनपर्यंत आपल्या गावात हिंडले, आणि अंजू घ्यायला आली तेव्हा त्यांचा चेहरा उन्हातून आल्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. काम काही नव्हतं. उमाशंकरने खुर्ची दिली. म्हाताऱ्या माणसाला कूलरची हवा लागते, असं त्याने स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी माणिकप्पा म्हणाले, “साहेब, मानसांचीबी नावं घातली ते लई झ्याक केलं.”

“ती पहिल्यापासून आहेत की पानावर.”

“पानावर न्हाई. टायटलात.”

“टायटलात फक्त घराचं नाव आहे, अप्पा.”

माणिकप्पांनी दोन बटणं दाबली. बाई तिच्या सपाट आवाजात म्हणाली, “सरजाबाईचं घर. आत सरजाबाई, सुकन्या, वैजनाथ.”

उमाशंकर त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. टॅबवर ‘सरजाबाईचं घ’ एवढंच मावत होतं आणि पुढे तीन टिंबं. नाव लांबलं की ब्राउझर ते कापतो. डोळस माणसाला तेवढंच दिसतं आणि तेवढंच पुरतं. त्याने माउसचा बाण टॅबवर नेऊन ठेवला. क्षणभराने खाली करडी चौकट उघडली. त्यात सगळं होतं. आत सरजाबाई, सुकन्या, वैजनाथ.

ते पाहून तो दचकला वगैरे नाही. त्याच्या धंद्यात न घातलेल्या गोष्टी दिसणं हे रोजचं. त्याने पान पाहिलं. सरजाबाई आणि तिची सून सुकन्या, दोघींच्या नावापुढे दिवा. वैजनाथ तिथे नव्हता. वैजनाथ होता गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या आईच्या घरात. तिथे त्याच्या नावापुढे दिवा होता.

“दोन घरांचा डेटा मिसळला,” तो म्हणाला. “मागच्या पानाचं काहीतरी पुढच्या पानावर राहून जातं. होतं असं. काढतो.”

“थांबा,” माणिकप्पा म्हणाले. “वैजनाथचा धाकटा भाऊ हाय निलंग्याला. भागवत.”

त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. भागवत बसस्टँडवर असावा. मागे कंडक्टर उदगीर, उदगीर ओरडत होता.

“भागवत, तुझा थोरला भाऊ त्या रात्री कुठं निजला होता रे?”

“घरीच की अप्पा. यादीत हाय की तसं.”

“यादी जाऊ दे. खरं सांग.”

उदगीरची गाडी निघून गेली. मग भागवत बोलला, आणि तो बाजूला जाऊन बोलतोय हे कळत होतं. “सरजामावशीच्या ओसरीवर. विसर्जनात ढोल बडवून हात सुजले व्हते त्याचे. मावशी तेल लावून देती म्हनला, तिथंच निजतो. मला एकट्याला सांगून गेला. मायला मी शेवटपत्तोर बोललो न्हाई, अप्पा. तिला वाटायचं, तिच्या शेजारीच होता.” मग म्हणाला, “तुमाला कुनी सांगितलं?”

माणिकप्पांनी फोन ठेवला.

समितीची यादी कुळाप्रमाणे होती. ज्याचं कूळ ज्या घरचं, त्याचं नाव त्या घरात. आपल्याकडे माणूस असंच मांडतात. मेला कुठे हा प्रश्न यादीत नव्हता. पण ती रात्र गणपती विसर्जनाची. नाचून, वाजवून, गुलालाने माखून अर्धं गाव जिथे जागा दिसली तिथे आडवं झालं होतं. पहाटे चारच्या सुमाराला दगडमातीच्या भिंती आणि वरची माळवदं खाली आली तेव्हा कोण कुठल्या छताखाली होतं, ते त्या त्या छतालाच ठाऊक.

उमाशंकरने दोन दिवस घालवले. शेषेरावांनी दिलेली फाइल शोधली. सगळा कोड शोधला. ‘आत’ हा शब्द कुठेही नव्हता. टायटल ठेवल्या ठेवल्या त्याने ते स्क्रीनच्या एका कोपऱ्यात छापून पाहिलं. छापताना निघायचं ‘सरजाबाईचं घर’, आणि टॅबवर बाण नेला की आत कोण कोण ते. शेवटी त्याने टायटल बदलणारा तुकडाच काढून टाकला. सगळ्या घरांवर पुन्हा ‘माय अ‍ॅप’ आलं. त्याने बाण नेला.

‘माय अ‍ॅप. आत सरजाबाई, सुकन्या, वैजनाथ.’

त्याने तुकडा परत घातला. निदान घराचं नाव तरी बरोबर यावं.

शेषेरावांना हे सांगायचं कसं, हा प्रश्न होता. बोलायला फोन केला आणि भलतंच बोलला, “माणिकप्पा रोज येतात इकडे.”

“येऊ द्या,” शेषेराव म्हणाले. “त्यांच्या घरच्यांचं मालूम हाय का तुमाला? गुरम्मावहिनी. प्रेत सापडलंच न्हाई. अप्पा नांदेडला नोकरीवर. गाव म्हनतं, वहिनी त्या रात्री अमरनाथच्या घरात होत्या.”

“अमरनाथ कोण?”

“शेजारचा. बिनलग्नाचा, देखणा गडी. तोबी गेला. आता गावाच्या तोंडाला कोन हात लावनार? तीस वर्सं बोलून राहिलेत. अप्पानं ना कधी उलटून जबाब दिला, ना दुसरं लगीन केलं. देवमाणूस.”

तेव्हा उमाशंकरला समजलं, की माणिकप्पा त्याच्या खुर्चीत बसून गाव हिंडत नव्हते. ते आपल्या बायकोला शोधत होते.

रोज अकराला यायचे. एक गल्ली घ्यायचे आणि घर सोडायचे नाहीत. दोन बटणं दाबायची, मान किंचित वाकडी करून ऐकायचं. काही घरांत आत कुणी नसे. काही घरांत बाई थांबतच नसे. नागोबाच्या गल्लीतल्या एका घरात चौदा नावं निघाली. तिने ती सामानाची यादी वाचावी तशी वाचली, कारण तिला श्वास घ्यावा लागत नव्हता. ऐकणाऱ्यांनाच मध्ये घ्यावा लागला. गुरम्मा त्यांत नव्हती. माणिकप्पा मान हलवायचे आणि पुढच्या दारात जायचे.

उमाशंकर आपल्या टेबलाशी बसून दुसरं काम करायचा, म्हणजे ऐकायचा. एक गोष्ट त्याच्या उशिरा लक्षात आली आणि मग लक्षातून जाईना. बाई कधीही ‘होते’ म्हणत नव्हती. आत सरजाबाई. आत चौदा जण. क्रियापद नव्हतंच.

सत्तावीस तारखेला दोन घरं उरली. शेजारशेजारची. माणिकप्पांनी सगळ्या गावाला वळसा घालून ती शेवटी ठेवली होती.

आभाळ गच्च होतं. वीज गेली होती, कूलर बंद. खाली हमाल खताची पोती उतरवत होते. प्रत्येक पोत्याबरोबर वर टेबल हलत होतं.

“अगोदर अमरनाथचं,” माणिकप्पा म्हणाले. हात धोतराला पुसले आणि बटणं दाबली.

“अमरनाथचं घर. आत कुणी नाही.”

उमाशंकर खुर्चीतून उठला. “बघा अप्पा! नव्हत्या त्या तिथे. तीस वर्षं गाव उगीच बोललं.”

माणिकप्पा खूश झाले नाहीत. शेवटची गाडी डोळ्यांदेखत निघून गेलेल्या माणसासारखं त्यांचं तोंड झालं. त्यांनी पुन्हा बटणं दाबली. पुन्हा. बाई न चिडता तेच सांगत राहिली.

“चुकत असंल,” ते म्हणाले. “तिथंच असाया पाहिजे ती.”

“असायला पाहिजे म्हणजे?”

माणिकप्पांनी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. हात मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, “आता माझं. तुमीच दाबा.”

उमाशंकरने दाबलं.

“माणिकप्पाचं घर. आत गुरम्मा.”

खाली एक पोतं पडलं.

“मी विसर्जनाला गावातच होतो, साहेब,” माणिकप्पा म्हणाले. “संध्याकाळच्या येस्टीनं निघालो. दुसऱ्या दिशी ड्यूटी. तिला ताप होता, निजली होती. मिरवणूक आमच्या दारापुढं थांबली. अमरनाथ नाचून राहिला होता. लई येळ नाचला. माझ्या मनात काय आलं... मी बाहेरून कुलूप घातलं. म्हनलं, चार रोजांनी येऊ. पीठ हाय, पानी हाय.”

“मागचं दार?”

“न्हवतं.”

“आणि किल्ली?”

“खिशात.”

उमाशंकरने आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

“भूकंपाच्या दुसऱ्या दिशी सांजच्याला पोचलो. समदं गाव सपाट. माझ्या दाराची चौकट तेवढी उभी. तिला कुलूप. मिलिटरीवाले इचारत होते, हे घर उकरायचं का. शेजारचे म्हनले, कुलूप हाय, बायकोला संगं घेऊन गेले असतील. मग त्यांनी मला बघितलं. बाई कुठं हाय म्हनून इचारलं.” त्यांचे हात मांडीवर स्थिर होते. “चारचौघांत खिशातून किल्ली काढायची होती, साहेब. तेवढंच करायचं होतं.”

“मग?”

“मी म्हनलो, अमरनाथच्या घरात बघा.”

ते वाक्य त्यांनी इतकं हळू म्हटलं, की खालचे हमाल जास्त मोठ्याने बोलत होते.

“तिथं काय सापडलं न्हाई. आधल्या दिशी काढून जाळलेल्यांत असंल, असं गावानं ठरवलं. आमच्यात जाळत न्हाईत, पुरतात. पन तवा कोन कुनाचं बघत होतं. माझं घर कुनी उकरलंच न्हाई. नंतर बुलडोझर फिरला. आनि मी बोललेलं वाक्य तेवढं ऱ्हायलं गावात. आता तुमची साइट म्हनती आत गुरम्मा. मी तर दर दाराला मागत होतो, दुसऱ्या कुनाच्याबी घरात निघू दे. कुनाच्याबी.”

वीज आली. कूलर धडधडत सुरू झाला. माणिकप्पा दचकले, आणि मग त्यांचा आवाज कारकुनाचा झाला.

“साहेब, एक दुरुस्ती करा. तिला अमरनाथच्या घरात टाका.”

“अप्पा!”

“उद्घाटनाला समदं गाव येनार. तुमची साइट बोलती. माझ्या दाराशी आली की बोलंल. मी समितीचा मेंबर हाय, घरधनी हाय. लिहून देतो. आनि ती टायटलं बंद करा.”

“उंबरा लागतो म्हणाला होतात तुम्ही.”

“आता नको.”

उमाशंकरने रात्रभर विचार केला असं म्हणायला बरं वाटलं असतं. प्रत्यक्षात वीस मिनिटं केला. उद्घाटन तीन दिवसांवर होतं. लेखी अर्ज होता. गुरम्माला जाऊन तीस वर्षांवर झाली होती आणि माणिकप्पा समोर बसले होते. त्याने फाइलमध्ये एक नाव एका घरातून उचलून शेजारच्या घरात ठेवलं. माणिकप्पांच्या घरात दिव्याचं एकही नाव उरलं नाही. अशा घरासाठी त्याने आधीच वाक्य लिहून ठेवलेलं होतं: ‘या घरातून त्या पहाटे कुणी गेलं नाही.’ ते आपोआप आलं. मग त्याने सगळ्या घरांना एकच टायटल लावलं, ‘स्मृती पिंपळहोळ’. शेषेरावांना ते फारच आवडलं. आधीच का नाही केलं, म्हणाले.

तीस तारखेला तो लातूरपर्यंत एसटीने आणि पुढे समितीच्या जीपने नव्या पिंपळहोळला पोचला. नवं गाव पाटीवर पट्टीने आखल्यासारखं आहे. ए टाइप घरांची ओळ, बी टाइपची ओळ, सी टाइपची ओळ. रस्ते इतके सरळ, की एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाच्या माणसाला दिवसभर दिसत राहतो. सभामंडपात साहेब दोन तास उशिरा आले, बटण दाबलं, गावाच्या धैर्याला सलाम केला आणि दुसऱ्या गावाच्या धैर्याकडे निघून गेले.

मग लोक आपापल्या फोनवर आपापली घरं शोधू लागले. काही रडले. काही भांडले, की आमचा गोठा कुठाय. बायकांच्या एका घोळक्यात अमरनाथचं घर उघडलं गेलं. त्यात गुरम्मा होती, नावापुढे दिवा. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि प्रत्येकीने मान हलवली. इतकी वर्षं तोंडी असलेली गोष्ट आता छापील झाली होती.

पहिल्या रांगेत माणिकप्पा बसले होते. खांद्यावर सत्काराची शाल. चेहरा शांत.

उमाशंकर मंडपाच्या मागे टेबलाशी लॅपटॉप आवरत होता. एक म्हातारी त्याच्यापाशी आली. डोक्यावरून पदर, हातात जावयाचा फोन.

“तूच का साइटवाला?”

“हो आजी.”

“मी कस्तुराबाई. अमरनाथची बहीण. भोकरला दिलेली.” तिने फोन पुढे धरला. “माझ्या भावाच्या घरात ही कुनी बसवली?”

“समितीने, आजी. माणिकप्पांनी तसं लिहून दिलं.”

“अप्पाला काय मालूम? त्यो दुसऱ्या दिशी आला. मी तिथंच होते. गनपतीला माहेरी आलते. अंगनात निजले व्हते म्हनून वाचले. अमरनाथबी अंगनातच व्हता. घरात कुनीच न्हवतं आमच्या.”

“मग ते कसे...”

“पहिला धक्का बसला, आमी दोघं उठलो. गल्लीतून कुनी तरी हाका मारून राहिलं होतं. त्यो पळाला तिकडं. मग मोठा धक्का आला.” तिने फोन खाली घेतला. “मीच उचलला त्याला. गल्लीत न्हवता. माणिकप्पाच्या दाराशी व्हता. हातात धोंडा. बोटं उकलंनात, धोंड्यासकट जाळला. लोक म्हनले, पळताना पडला. पळनारा मानूस हातात धोंडा घेतो का? तूच सांग, शिकलेला हायेस.”

“आजी, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?”

“कुनी इचारलंच न्हाई,” कस्तुराबाई म्हणाली. “ती कुठं होती ते समद्यांनी इचारलं. त्यो कुठं होता ते कुनीच न्हाई.”

तिने पदर सावरला, पहिल्या रांगेतल्या शालीकडे एकदा पाहिलं आणि ती जावयामागे निघून गेली.

उमाशंकरने लॅपटॉप पुन्हा उघडला.

माणिकप्पाचं घर. पानावर त्यानेच लिहिलेलं वाक्य होतं. या घरातून त्या पहाटे कुणी गेलं नाही.

टॅबवर ‘स्मृती पिंप’, आणि तीन टिंबं.

मंडपात जेवणाची पंगत बसत होती. कुणीतरी त्याला हाक मारली. त्याने बाण टॅबवर नेला आणि वाट पाहिली. चौकट उघडायला नेहमी लागतो त्याहून जास्त वेळ लागला.

‘स्मृती पिंपळहोळ. आत गुरम्मा. दारात अमरनाथ. कुलूप अजून तुटलेलं नाही.’